घरच्या घरी सेन्सरी प्लेचं साहित्य: क्रम कुठे चुकतो आणि नीट कसं करायचं

कणीक हाताला चिकटते. रंगीत तांदळांचा रंग बोटांना लागतो. कॉर्नफ्लोरचा चिखल एक तर घट्ट बसतो, नाही तर पाणीच पाणी होतो. बाटलीतली चमकी खाली येतच नाही. सेन्सरी प्ले म्हणजे स्पर्श, रंग, हालचाल अशा इंद्रियांच्या अनुभवांतून होणारा मुलांचा खेळ. घरी त्याचं साहित्य करून पाहणाऱ्यांच्या तक्रारी साधारण याच असतात आणि दोष दर वेळी कृतीला दिला जातो. कृती बहुतेकदा बरोबर असते, क्रम चुकलेला असतो. आधी पदार्थ ठरवला जातो आणि मग तो मुलापुढे ठेवला जातो. आधी पाणी ओतलं जातं आणि मग पीठ घालून ते सावरलं जातं. हे दोन्ही उलट करायला हवं. खाली टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने जा. पहिले तीन टप्पे कंटाळवाणे वाटले तरी वगळू नका, कारण इजा होण्यासारख्या चुका तिथेच होतात.

## टप्पा १: आधी मुलाकडे बघा

एकच प्रश्न विचारा: हे मूल हातात आलेली वस्तू अजून तोंडात घालतं का? वयाचा आकडा नंतर. काही मुलं दीड वर्षाची झाली की ही सवय सोडतात, काही तीन वर्षांची होऊनही सोडत नाहीत. उत्तर ‘हो’ असेल तर या लेखातला शिजवलेला बोटरंग आणि बंद बाटली (आत पाणी आणि चमकी भरून झाकण चिकटवलेली) हे दोनच प्रकार तुमच्यासाठी आहेत. बाकीचे थांबू शकतात.

उत्तर ‘नाही’ असलं, पण मूल तीन वर्षांच्या आतलं असेल, तर सुटे बारीक तुकडे टाळा. खेळण्यांच्या सुरक्षा चाचणीत या वयासाठी सुमारे ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक नळी वापरतात. त्या नळीत पूर्ण मावणारी वस्तू घशात अडकू शकते, असं धरलं जातं. घरी टिश्यूच्या रोलची आतली पुठ्ठ्याची नळी घ्या. ती चाचणीच्या नळीपेक्षा थोडी मोठी असते, म्हणजे आपली तपासणी जास्त कडक होते. मणी, बटण, शिंपला, बाहुलीचा बूट यांपैकी जे त्या नळीतून खाली पडेल ते बाजूला ठेवा.

त्यानंतर त्वचा आणि ॲलर्जी. गव्हाची ॲलर्जी किंवा सिलिॲक आजार असलेल्या मुलाला मैद्याची कणीक देऊ नका. ते मूल ती खाणार नसलं तरी नको, कारण हात तोंडात जातातच. हातावर इसब, ओरखडा किंवा कापलेलं असेल तर मिठाची कणीक झोंबते आणि कोरडी त्वचा आणखी कोरडी करते. अशा मुलाला बाटली द्या, किंवा घट्ट बंद केलेल्या झिपच्या पिशवीत बोटरंग भरून द्या.

तपासा: गटात अनेक मुलं असतील तर साहित्य सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत जास्त तोंडात घालणाऱ्या मुलाला धरून ठरवा.

## टप्पा २: काय वापरायचं नाही, ते आधी बाजूला काढा

पाण्यात फुगणारे मणी घरात आणूच नका. कोरडे असताना ते टाचणीच्या डोक्याएवढे असतात, घरंगळून कोपऱ्यात जातात आणि रांगणाऱ्या बाळाला सापडतात. गिळले तर आतड्यात पाणी शोषून फुगतात आणि मार्ग बंद करतात. एक्स-रेमध्ये ते सहसा दिसत नाहीत, म्हणून निदानाला उशीर होतो. यात मुलांचे मृत्यू झालेले आहेत. दिसायला कितीही सुंदर असले तरी मला याला कुठलाही अपवाद करावासा वाटत नाही.

बोरॅक्स (टाकणखार) घातलेला स्लाइम, म्हणजे ताणला जाणारा चिकट लगदा, लहान मुलांसाठी नको. त्याने त्वचेची आग होऊ शकते आणि पोटात गेल्यास ते अपायकारक आहे.

कच्चा मैदा किंवा गव्हाचं पीठ तेलात मिसळून केलेली ‘ढगाची माती’ बरेच जण निर्धोक समजतात. पीठ कोरडं असलं तरी निर्जंतुक नसतं. त्यात ई. कोलाय आणि साल्मोनेला असू शकतात. ओव्हनमध्ये पीठ भाजून घेतलं की जंतू मरतात, असंही सांगितलं जातं. पण कोरड्या पिठात हे जंतू उष्णतेला बराच वेळ दाद देत नाहीत आणि घरच्या भाजण्यात सगळं पीठ सारखं तापत नाही. पाण्यासह नीट शिजवणं हाच भरवशाचा उपाय आहे.

बिया निवडताना डोळे उघडे ठेवा. गुंजा आणि एरंडाच्या बिया दिसायला मोहक आणि अत्यंत विषारी असतात. कच्चा राजमाही पोटात गेला तर उलट्या-जुलाब होतात. कडधान्याचा दाणा मुलाने नाकात किंवा कानात घातला तर तिथल्या ओलाव्याने तो फुगतो आणि काढणं अवघड होतं. तसं झालंच तर पाणी घालू नका, चिमटा घालू नका, थेट डॉक्टरांकडे जा.

बटण सेल, लहान चुंबकं, कपडे धुण्याची पावडर, कपड्यांचे किंवा भिंतीचे रंग हे सगळंही बाद. रंग फक्त खाण्याचा.

## टप्पा ३: मापं आणि जागा

इथे सगळ्यात जास्त गोंधळ ‘कप’ या शब्दाचा होतो. कृतीतला कप २४० मिलीचा असतो. चहाचा कप त्याहून बराच लहान असतो. तो वापरायला हरकत नाही, पण मग पीठ, मीठ, पाणी सगळं त्याच कपाने मोजा आणि चमचेही त्या प्रमाणात कमी करा. मोठा चमचा म्हणजे १५ मिली, छोटा चमचा म्हणजे ५ मिली. पीठ कपात दाबून भरू नका, चमच्याने सैल घालून वरचं सुरीने सपाट करा. दाबून भरलेल्या कपात पीठ सहज चतुर्थांशाने वाढतं आणि मग कणीक कोरडी का झाली, ते कळत नाही.

दुसरा गोंधळ कॉर्नफ्लोरचा. इथे हवं आहे ते पांढरंशुभ्र, बोटांत करकरणारं मक्याचं स्टार्च. पिवळसर मक्याचं पीठ घेतलं तर चिखल कधीच जमणार नाही, कितीही ढवळा.

जागा आधी तयार करा, मिश्रण नंतर. जमिनीवर जुनी चादर, तिच्यावर दोन-तीन इंच काठाचा ट्रे किंवा परात, बाजूला ओलं फडकं आणि कोरडं फडकं, आणि मुलाच्या अंगावर जुने कपडे. प्लास्टिकचा गुळगुळीत कागद फेसासाठी अंथरू नका, त्यावरून पाय घसरतो. हात धुण्याचं पाणी ट्रेपासून दोन पावलांवर असू द्या. नाही तर मूल माखल्या हातांनी घरभर जातं आणि तुमचं लक्ष खेळावरून उडून भिंतींवर जातं.

## टप्पा ४: शिजवलेली कणीक

लागेल ते: मैदा १ कप, बारीक मीठ अर्धा कप, पाणी १ कप, तेल १ मोठा चमचा, क्रीम ऑफ टार्टर (बेकिंगमध्ये वापरतात ती आंबट पांढरी पावडर) २ छोटे चमचे. क्रीम ऑफ टार्टर नसेल तर २ मोठे चमचे लिंबाचा रस घ्या आणि तेवढंच पाणी कमी करा. आम्लामुळे कणीक लवचिक राहते आणि जास्त दिवस टिकते. तेल कुठलंही चालेल, मात्र शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं मूल आसपास असेल तर शेंगदाणा तेल नको.

१. कोमट पाण्यात मीठ घालून ढवळा. सगळं मीठ विरघळणार नाही. १०० मिली पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ मावतं आणि इथे अर्ध्या कपात जवळपास १४० ग्रॅम आहे. उरलेले कण कणकेत राहतात, म्हणून मीठ बारीकच हवं. जाड्या मिठाची कणीक हाताला चरचरते आणि स्पर्शाच्या बाबतीत हळवं असलेलं मूल ती दुसऱ्यांदा हातात घेत नाही. अगदी गुळगुळीत हवी असेल तर मीठ एक तृतीयांश कपावर आणा. टिकाऊपणा कमी होईल, स्पर्श सुधारेल.

२. पाण्यातच तेल घाला. क्रीम ऑफ टार्टरऐवजी लिंबाचा रस घेतला असेल तर तोही आत्ताच घाला. सगळ्या कणकेला एकच रंग द्यायचा असेल तर खाण्याचा रंगही आत्ताच घाला. पाण्यात मिसळलेला रंग सारखा पसरतो, नंतर घातलेल्या रंगाच्या रेषा राहतात.

३. मैदा आणि क्रीम ऑफ टार्टर कोरडेच एकत्र करा आणि त्यावर पाणी थोडं थोडं ओता. आधी दाट पेस्ट करा, गुठळ्या मोडा, मग उरलेलं पाणी घाला. उलट केलं, म्हणजे सगळ्या पाण्यात मैदा टाकला, तर गुठळ्या आतून कोरड्या राहतात आणि मळताना एकेक करून फुटतात.

४. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवा आणि लाकडी उलथण्याने तळ खरवडत हलवत राहा. पहिली दोन मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं. आच वाढवायचा मोह इथेच होतो, तो टाळा. मग बुडाशी घट्ट थर धरू लागतो, मिश्रण गुठळ्यांचं आणि ओबडधोबड दिसतं. हे बिघडलेलं नाही, असंच दिसायला हवं. पिठातलं स्टार्च साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या दरम्यान पाणी शोषून फुगतं आणि तेव्हाच गोळा बांधला जातो.

५. गोळा कडा सोडून उलथण्याभोवती आला की लगेच उतरवू नका. आणखी एक-दोन मिनिटं उलटापालटा. वरची ओली चमक जाऊन तो मंद दिसू लागला पाहिजे.

तपासा: ओल्या उलथण्याच्या टोकावर वाटाण्याएवढा तुकडा घ्या, निवू द्या, बोटांत दाबा. चिकटला तर परत आचेवर.

चिकट कणकेवर वरून कोरडा मैदा भुरभुरणं ही या सगळ्या उद्योगातली सर्वांत मोठी चूक आहे. चिकटपणाचं कारण बहुतेक वेळा कमी शिजणं हे असतं, पीठ कमी पडणं नाही. मैदा भुरभुरून तेवढ्यापुरती कणीक सुटी होते. दुसऱ्या दिवशी डब्यात ती परत चिकट होते, वर त्यात कच्चं पीठ गेलेलं असतं ते वेगळंच. परत पातेल्यात टाका आणि मंद आचेवर दोन-तीन मिनिटं फिरवा. उलट कणीक भुगा होत असेल, तर पाणी ओतू नका. हात ओला करून मळा, पुन्हा हात ओला करा, पुन्हा मळा.

६. ओट्यावर काढून ओल्या फडक्याने झाका आणि हाताला सोसवेल इतकी कोमट झाली की पाच मिनिटं मळा. वरून कोमट लागणारा गोळा मधोमध अजून भाजण्याइतका गरम असतो. तो मधून तोडून, आतली बाजू मनगटाला लावून पाहिल्याशिवाय मुलाच्या हातात देऊ नका. नीट मळलेली कणीक कानाच्या पाळीइतकी मऊ लागते.

७. वेगवेगळे रंग हवे असतील तर आता गोळे करा. प्रत्येकात अंगठ्याने खळगा करा, रंगाचे दोन थेंब टाका, खळगा बंद करा आणि हातमोजे घालून मळा. घट्ट जेलचा रंग इथे चांगला, पातळ रंग जास्त घातला तर कणीक सैल होते. बिटाचा रस वापरायचा असेल तर तोही आत्ताच, शिजवताना नाही. त्याचा लाल रंग उष्णतेने तपकिरी पडत जातो. हळदीचा पिवळा टिकतो, पण कपड्यांवरही टिकतो.

सावधान: या मापाच्या कणकेत ५० ग्रॅमच्या गोळ्यामागे साधारण १५ ग्रॅम मीठ असतं. चाखून थुंकलं तर काही होत नाही. पण लहान मुलाने असा गोळा गिळला तर रक्तातलं मीठ धोकादायक पातळीवर जाऊ शकतं, तेव्हा डॉक्टरांना लगेच फोन करा. कुत्र्यांना मिठाची कणीक विशेष घातक आहे. घरात कुत्रा असेल तर कणीक खाली ठेवून उठू नका.

## टप्पा ५: शिजवलेला बोटरंग

तोंडात घालणाऱ्या मुलांसाठी यापेक्षा चांगलं काही नाही. बाळ आधाराशिवाय बसू लागलं असेल आणि वरचं अन्न सुरू झालं असेल, म्हणजे साधारण सहा महिन्यांनंतर, तर हा देता येतो.

चार मोठे चमचे कॉर्नफ्लोर अर्धा कप थंड पाण्यात कालवा. दीड कप पाणी वेगळं तापवा आणि त्यात हे कालवलेलं मिश्रण ढवळत ढवळत सोडा. कोरडं कॉर्नफ्लोर गरम पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात आणि त्या पुढे मोडत नाहीत. मिश्रण पारदर्शक होऊन बुडबुडे येऊ लागले की आणखी एक मिनिट शिजवा. गरम असताना ते पळीवाढं हवं, निवल्यावर आपोआप घट्ट होतं. गरम असतानाच घट्ट दिसत असेल तर थोडं गरम पाणी घालून सैल करा.

वाट्यांत काढून प्रत्येकात थोडासा खाण्याचा रंग घाला. पूर्ण निवेपर्यंत मधूनमधून ढवळा, म्हणजे वर साय धरणार नाही आणि आत गरम राहणार नाही. शिजलेलं स्टार्च त्वचेला चिकटून भाजतं, साध्या गरम पाण्यापेक्षा जास्त खोल.

गोडी आणायला मध घालू नका. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधाने बोटुलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते. खरं तर गोडी मुळीच नको, नाही तर हा रंग जेवण होऊन बसतो. मूल चार बोटं चाटेल, चालेल.

फ्रिजमध्ये झाकून ठेवला तर दुसऱ्या दिवशीपर्यंत वापरा. एकदा मुलाचे हात त्यात गेले की उरलेला टाकून द्या.

## टप्पा ६: कॉर्नफ्लोरचा चिखल

दाबला की घट्ट, सोडला की वाहता. याला ऊब्लेक म्हणतात. साधारण दोन भाग कॉर्नफ्लोर आणि एक भाग पाणी. ‘साधारण’ अशासाठी की दमट हवेत पिठात आधीच ओलावा असतो.

१. कॉर्नफ्लोर ट्रेमध्ये घ्या. मापाव्यतिरिक्त एक कप बाजूला राखून ठेवा.

२. ठरलेल्या पाण्यापैकी तीन चतुर्थांशच ओता. रंग घालायचा तो पाण्यातच.

३. चमच्याने भराभर ढवळू नका. तुम्ही जितक्या जोरात ढवळाल तितकं मिश्रण अडून बसतं. हात घालून तळातून वर, सावकाश उचला.

४. उरलेलं पाणी एकेक चमचा घाला, दर वेळी तपासून.

तपासा: मूठभर उचलून दाबा, गोळा व्हायला हवा. मूठ उघडा, तो बोटांतून ओघळायला हवा. गोळा होत नसेल तर पाणी जास्त झालं, राखलेलं पीठ घाला. ओघळत नसेल तर एक चमचा पाणी.

थोडा वेळ तसाच ठेवला की पीठ तळाशी बसतं आणि वर पाणी दिसतं. मुलांना वाटतं तो बिघडला. तळातून बोटांनी उचलून घेतला की पुन्हा तयार. हा कच्चाच पदार्थ आहे, त्यामुळे तोंडात घालणाऱ्या मुलाला नको. खेळ झाला की त्याच दिवशी संपवा.

सावधान: उरलेला चिखल मोरीत किंवा बेसिनमध्ये ओतू नका. स्टार्च पाइपात बसून राहतं. ट्रेमध्येच सुकू द्या, भुगा झाला की कचऱ्यात टाका. ट्रे आधी थंड पाण्याने धुवा. कढत पाणी घातलं तर उरलेलं स्टार्च शिजून खळीसारखं घट्ट चिकटतं.

## टप्पा ७: रंगीत तांदूळ

तीन वर्षांवरच्या आणि तोंडात न घालणाऱ्या मुलांसाठीच. एक कप कोरडे तांदूळ, एक छोटा चमचा व्हिनेगर, खाण्याच्या रंगाचे सात-आठ थेंब. आधी व्हिनेगर आणि रंग वाटीत एकत्र करा, मग ते झिपच्या पिशवीतल्या तांदळांवर ओतून पिशवी चोळा. पाणी घालू नका. पाण्याने दाणा मऊ पडतो आणि त्याचं पीठ सुटतं.

कागदावर एकाच थरात पसरा. बऱ्याच जणांचा धीर इथे सुटतो. वरून कोरडे दिसणारे तांदूळ आत ओले असतात, डब्यात भरले की दोन दिवसांत बुरशीचा वास येतो. मधूनमधून हलवत, शक्यतो रात्रभर ठेवा.

तपासा: पांढऱ्या फडक्यात मूठभर तांदूळ घट्ट चोळा. फडक्यावर रंग उतरला तर अजून वाळायचे आहेत. पूर्ण वाळल्यावरही उतरत असेल तर रंग जास्त झाला आहे, फडक्याने चोळून जादा रंग पुसून काढा.

सगळे रंग वेगवेगळे वाळवा. एकत्र करायचं काम मुलांवर सोडा, ते त्यांना फार आवडतं. डब्यावर ‘खाण्यासाठी नाही’ असं लिहून ठेवा.

## टप्पा ८: फेस

दोन मोठे चमचे बेबी शॅम्पू आणि पाव कप पाणी उंच भांड्यात घ्या. हँड ब्लेंडरच्या फेटणीने आधी सावकाश, मग वेगात, दोन मिनिटं फेटा. फेटणी उचलल्यावर फेसाचं टोक उभं राहिलं पाहिजे. राहत नसेल तर पाणी जास्त आहे, अर्धा चमचा शॅम्पू घालून पुन्हा फेटा. फेस केल्या केल्या वापरायचा असतो, हळूहळू तो बसतो आणि खाली साबणाचं पाणी जमतं.

डोळे न झोंबणारा शॅम्पू म्हणजे पिण्यालायक शॅम्पू नव्हे. फेसाच्या खेळात एक मोठा माणूस हाताच्या अंतरावर हवाच. जमीन लगेच निसरडी होते, मूल बसूनच खेळू द्या.

## टप्पा ९: बंद बाटली

जाड, पारदर्शक प्लास्टिकची बाटली घ्या, लहान मुलाच्या दोन हातांत मावेल अशी. काचेची नको. लेबल काढून, आतून धुऊन पूर्ण वाळवा.

पारदर्शक द्रव गोंद एक भाग आणि कोमट पाणी दोन भाग आधी वाटीत एकजीव करा, मग बाटलीत ओता. गोंद जितका जास्त तितकी चमकी सावकाश उतरते. पाणी उकळून निववलेलं वापरा, नळाच्या पाण्यावर काही आठवड्यांत गढूळ थर येतो. चमकी घाला, अर्धा छोटा चमचा पुरे. ती वरच तरंगत राहिली तर भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब टाका. पाण्याचा पृष्ठताण कमी झाला की ती खाली येते. रंग घालायचा तर काडीच्या टोकावर येईल तेवढाच, जास्त झाला तर आतलं काही दिसत नाही. वर दोन-तीन सेंटिमीटर जागा मोकळी सोडा, पूर्ण भरलेल्या बाटलीत काही हलत नाही.

झाकण चिकटवण्याआधी एक दिवस तशीच वापरून बघा. वेग, रंग, चमकी मनासारखी झाली की मगच चिकटवा. बाटलीची मान पूर्ण कोरडी करा, आट्यांवर पक्का गोंद लावा, झाकण आवळा आणि चोवीस तास हात लावू नका. गोंदाची नळी लगेच उंचावर ठेवून द्या.

तपासा: बाटली कोरड्या कागदावर रात्रभर उलटी ठेवा. सकाळी कागद ओला असेल तर ती द्यायची नाही. पुढेही दर वेळी देण्याआधी झाकण पिळून बघा आणि तडा गेला आहे का ते पाहा.

## टप्पा १०: मुलापुढे ठेवताना

एका वेळी एकच पदार्थ, आणि तोही थोडा. मोठ्या ट्रेमध्ये चार रंग, सहा चमचे आणि दहा खेळणी एकदम मांडली की मूल पदार्थाकडे बघतच नाही. दोन मुठी कणीक आणि एक लाटणं पुरेसं आहे. दुसऱ्या दिवशी लाटण्याऐवजी काटा द्या. साहित्य तेच, खेळ नवा.

तुम्ही शेजारी बसा आणि आधी स्वतः हात घाला. गप्प राहून. ‘बघ किती मऊ आहे, लाव ना हात’ असा धोशा लावला की हात मागे जातात. मूल नुसतं बघत असेल तर तोही खेळच आहे. मग चमच्याने ढवळेल, मग एक बोट लावेल. मुलाचा हात धरून पदार्थात बुडवू नका. हे इतकं सर्रास केलं जातं, आणि त्यानंतर मूल आठवडे आठवडे त्या ट्रेजवळ फिरकत नाही. चिकट स्पर्श नकोच असेल तर बोटरंग झिपच्या पिशवीत भरा, कडेला टेप लावा आणि टेबलाला चिकटवा. पिशवीवरून दाबता येतं, हात कोरडे राहतात.

मूल हात झटकू लागलं, तोंड फिरवलं किंवा फेकाफेक सुरू झाली की आटोपतं घ्या. पाच मिनिटांतही खेळ पुरा होऊ शकतो.

सावधान: पाणी असलेला कुठलाही ट्रे किंवा टब असेल तर मुलाला क्षणभरही एकटं सोडू नका. अगदी लहान मूल काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं. फोन वाजला तर मुलाला उचलून घेऊन जा.

## टप्पा ११: आवरणं, साठवणं, टाकून देणं

आधी मूल, मग ट्रे, शेवटी जमीन. हात आधी कोरड्या फडक्याने पुसा, मग धुवा, नाही तर पीठ ओलं होऊन नखांत बसतं. खेळाआधी आणि खेळानंतर दोन्ही वेळा साबणाने हात धुवायचे. सतरंजीला लागलेली कणीक ओली असताना चोळू नका, वाळू द्या आणि ब्रशने झाडा. सांडलेले तांदूळ लगेच गोळा करा, त्यावरून मोठी माणसंही घसरतात.

कणीक पूर्ण निवल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. गरम भरली की झाकणाला पाण्याचे थेंब धरतात आणि ते परत कणकेवर पडून ती चिकट करतात. नीट साठवलेली कणीक काही आठवडे टिकते. वरचा थर कडक झाला असेल तर ओल्या हाताने मळून घ्या. पृष्ठभागावर पांढरे मिठाचे कण दिसले तर ती बुरशी नाही, चोळल्यावर ते करकरतात आणि कणकेत मिसळतात. लवदार, हिरवट किंवा काळपट ठिपका दिसला किंवा आंबूस वास आला तर तेवढाच भाग काढून बाकीचा ठेवू नका, सगळीच टाका.

सर्दी किंवा जुलाब असलेल्या मुलाला गटातल्या कणकेतून त्याचा वेगळा गोळा काढून द्या, आणि खेळ संपला की तो गोळा डब्यात परत घालू नका.